चंद्राचा फोटो आणि आयचा फोटो

हिरा, माणसं चंद्रावर गेली होती. खरंच गेली होती. हे सगळ्यात आधी सांगून टाकतो, कारण तू गेलास त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. तुझ्या घरी माणसं येऊन बसतात, तुझ्या स्वभावाबद्दल चांगलंचुंगलं बोलतात, मी मान डोलावतो आणि मनातल्या मनात तुला पुरावे देत बसतो. झेंडा, सावल्या, तारे. काल तर रिक्षात मोठ्यानं बोलून गेलो, "आडवी दांडी होती रे त्याला." रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "कुठं घेऊ, काका?"

हसशील तू. हस. पण तू माझं न ऐकता गेलास, आणि तू माझं ऐकू नयेस अशी व्यवस्था मीच केली होती, हे मला गिळता येत नाहीये.

चाळीस वर्षं आपण एका स्टुडिओत काढली. पनवेलच्या एसटी स्टँडजवळचं ते बोळकंडीसारखं दुकान. पुढं तू, तुझा कॅमेरा आणि पडदे. मागं मी, माझं टेबल आणि सुईसारखी टोकं काढलेल्या पेन्सिली. तू फोटो काढायचास आणि मी ते सुधारायचो. देवीचे व्रण बुजवायचो, डोळ्यांखालचं काळं घालवायचो. घरात कोणी वारलं आणि जिवंतपणीचा फोटोच नसला, की लोक मेल्यावर काढलेला फोटो घेऊन यायचे आणि मी त्याचे मिटलेले डोळे उघडून द्यायचो. आपल्या धंद्यात याला रिटचिंग म्हणायचे. पुण्याहून आलेला मी, उरणच्या कोळीवाड्यातला तू. तू म्हणायचास, "मी खरं काढतो, हा भट त्याच्यावर पावडर लावतो."

माझ्या टेबलावर, भिंतीला, तू दोन फोटो लावले होतेस. एक तो चंद्रावरचा. मासिकातनं कापलेला, रंगीत. पांढऱ्या जाड पोशाखातला माणूस, मागं काळं आकाश, आणि त्याच्या शिरस्त्राणाच्या काचेत समोर उभा राहून फोटो काढणारा दुसरा माणूस, अगदी बारीक. तू शाळेत होतास तेव्हा मास्तरांनी वर्तमानपत्रातलं असलंच चित्र फळ्याला लावलं होतं. तुझा बाप होडीवरचा माणूस, तो म्हणाला होता, "गेले असतील, पण भरती काय चुकली नाय." तुला मात्र त्या दिवशी कळलं की माणूस जाईल तिथं कॅमेरा नेता येतो आणि जे दिसलं ते घरी आणता येतं. तिथनं तुझं डोकं फिरलं ते फिरलंच.

दुसरा फोटो तुझ्या आईचा. तुमच्याकडे आय म्हणतात. त्याच्याकडे नंतर येतो. आधी भांडणाकडे येऊ दे, मला तिथं जरा बरं वाटतं.

मी म्हणायचो, "तारे कुठायत? एवढं काळंभोर आकाश आणि एक तारा नाही? सेट आहे साला." तू लेन्स पुसत म्हणायचास, "काल हळदीला गेलेलो ना आपण? रात्री मांडवात नवरीचे साठ फोटो काढले. एकात तरी तारा दाखव. उजेडातला पांढरा कपडा घ्यायचा तर कॅमेऱ्याचं तोंड बारीक ठेवायला लागतं. बारीक तोंडात तारा मावत नाय."

मी झेंडा काढायचो. तिथं वारा नाही तर फडकतो कसा? तू काश्मीरचं चित्र रंगवलेला आपला पडदा खाली सोडायचास. वर दांडी, कापड ताठ, घडीच्या रेघा तशाच. "हा फडकतोय? नाय ना? त्यांनी पण वरतून दांडी घातलेली. घडी करून नेलेला कापड, तिथं इस्त्री कोण करणार, तुजी मावशी?"

सावल्या वेगवेगळ्या दिशांना पडल्यात, म्हणजे दिवे दोन होते, हे मी फार जोरात मांडायचो. त्यावर तू मला एकदा उरणला नेऊन मासळी वाळत घालायच्या काठ्यांपाशी उभं केलंस. ऊन उतरलं होतं. एका काठीची सावली सपाट वाळूवर होती, दुसरीची उंचवट्यावर चढून वाकली होती. "इथं कितीक दिवे हायत, मोज," म्हणालास. "दोन दिवे लावले तर एकेकाला दोन-दोन सावल्या पडतात, सुध्या. लग्नं काढून काढून केस पिकले आपले, एवढं कळत नाय तुला?"

कळत होतं रे. पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी रिटचर होतो, मूर्ख नव्हतो.

पण माझ्याकडे एक हुकमी मुद्दा होता आणि तो मी पुन्हा पुन्हा टाकायचो. नेरे गावचा तो शेतकरी. फेट्यात आला होता, आपण त्याला काश्मीरच्या पडद्यापुढं उभा केला, मी मागाहून त्याच्या अंगावर कोट चढवला. त्यानं तो फोटो लेकीच्या सासरी पाठवला आणि सासरचे समजले की व्याही काश्मीरला जाऊन आले. मी म्हणायचो, "तुझा साडेतीन वारांचा पडदा आणि माझी एक पेन्सिल, एवढ्यात एक माणूस काश्मीरला पोचतो. मग ज्यांचा पडदा मोठा त्यांना चंद्र काय अवघड आहे? फोटोवर विश्वास ठेवायचाच कशाला?"

तू यावर चिडायचास. एरवी शांत माणूस तू, पण इथं तुझे कान लाल व्हायचे. मग भिंतीकडे बोट करायचास, त्या काचेतल्या बारीक माणसाकडे. "फोटो काढणारा फोटोत आलाय बघ. खोटा असता ना, तर तुज्यासारख्यानं पहिला त्यालाच पुसला असता. तसाच ठेवलाय म्हणजे खरा हाय. फोटो खोटं बोलत नाय, सुध्या. माणूस बोलतो."

मी पेन्सिलीला टोक काढत बसायचो.

आता ते सांगतो, ज्यासाठी लिहायला बसलोय.

तुझी आई तू सोळा वर्षांचा असताना गेली. पनवेलच्या बाजारात मासळी घेऊन बसायची. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायची, कारण फोटो काढला की आयुष्य घटतं असं तिच्या माहेरी मानायचे. तू कॅमेरा हातात धरेपर्यंत ती राहिली नाही. तुझ्याकडे एकच फोटो होता, तिच्या भाचीच्या लग्नातला, अंगणात काढलेला. तिसऱ्या रांगेत, शेजारणीच्या खांद्याआड लपलेली, चेहरा हरभऱ्याएवढा आणि तोही अर्धा.

मी स्टुडिओत येऊन दोनेक वर्षं झाली असतील. एका सकाळी तू ती प्रत माझ्या टेबलावर ठेवलीस. "यातनं आय वेगळी निघेल?" एवढंच म्हणालास, आणि दिवसभर माझ्या बाजूला फिरकला नाहीस. पाणी प्यायलासुद्धा मागं आला नाहीस.

मी उरणला जाऊन त्या लग्नाच्या फोटोग्राफरकडून मूळ निगेटिव्ह मागून आणली, मोठी केली. डावा अर्धा चेहरा होता. उजव्या अर्ध्यावर शेजारणीचा खांदा आणि तिच्या अंबाड्यातली वेणी. आता विचार करतो, तेवढाच अर्धा काढून तुझ्या हातात दिला असता तर काय बिघडलं असतं? पण अर्धा चेहरा कोणी भिंतीवर लावत नाही, असं मी ऐकत आलो होतो. शिवाय पंचविशी होती, हातात कला आहे असा माज होता. मी खांदा पुसला. गाल काढला, कपाळ काढलं, अर्धं उरलेलं कुंकू पुरं केलं, ओठ पुढं नेला. डोळा मात्र जमेना. चार वेळा काढला आणि चारही वेळा तो दुसऱ्याच कुठल्या बाईचा झाला. शेवटी कसा जमवला ते सांगतो, जरा धीर होऊ दे.

फोटो तुझ्या हातात दिला तेव्हा तू कितीतरी वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "त्याच्याकडं दुसरी निगेटिव्ह होती काय?"

बघ, खोटं मी ठरवून आणलं नव्हतं. तू दार उघडून धरलंस आणि मी आत शिरलो. म्हणालो, "हो. पाठोपाठ दोन काढलेले. दुसऱ्यात ती सरळ बघतेय."

"म्हणजे आय एकदा तरी कॅमेऱ्याकडं बघली," तू म्हणालास आणि पुढच्या बाकावर गिऱ्हाइकांच्या जागेवर जाऊन बसलास. तू रडत होतास आणि मला माझ्या कामाचा अभिमान वाटत होता. इतका नीच अभिमान मला आयुष्यात पुन्हा वाटला नाही.

त्यानंतर ते दोन फोटो शेजारी शेजारी लागले, आणि तू त्यांच्याखाली उभा राहून गिऱ्हाइकांना, पावण्यारावळ्यांना, मला, सगळ्यांना सांगत राहिलास की फोटो खोटं बोलत नाय. उरणहून कोणी आलं की म्हणायचं, "हिराजी अगदी आयवर गेलाय, डोळे बग." मी खाली मान घालून काम करायचो.

म्हणून मी भांडायचो, हिरा. चंद्राचं नुसतं निमित्त होतं. मला वाटायचं, याचा फोटोवरचा भरवसा थोडा थोडा सैल करू. आधी चंद्र खोटा असू शकतो एवढं मान्य करू दे, मग कधीतरी हळूच आईचं सांगता येईल, मग त्याला तेवढं लागणार नाही. चाळीस वर्षं मी तुझ्या पायाखालची एकेक वीट काढायचा प्रयत्न केला, आणि तू दर वेळी ती परत बसवलीस, दांडी दाखवून, काठ्या दाखवून. मनातून मला दर वेळी सुटल्यासारखं वाटायचं. तू जिंकलास की सांगणं पुढं ढकललं जायचं.

मग मोबाइल आले, दुकान बंद झालं, दोन्ही फोटो तू खांदा कॉलनीतल्या तुझ्या घरी नेलेस. मी पुढच्याच गल्लीत होतो, त्यामुळे चहा सुटला नाही आणि भांडणही सुटलं नाही. दीड वर्षापूर्वी तुला लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, म्हणजे शटर दाबायचं बोट गेलं. तू पडून राहिलास आणि डाव्या हातात फोन आला.

एका दुपारी मी आलो, तर तू म्हणालास, "सुध्या, तू बरोबर होतास. कोन गेला नाय चंद्रावर."

मला चेष्टा वाटली. म्हणालो, "चला, उशिरा का होईना." तू हसला नाहीस. फोन माझ्या तोंडापुढं धरलास. व्हिडिओत एक माणूस तारे, झेंडा, सावल्या करत होता. माझंच बोलत होता तो, माझ्याच क्रमानं. फरक एवढाच की त्याला ते खरं वाटत होतं.

मी म्हणालो, "अरे, हळदीचे फोटो आठव. तारे येतात का?" तू म्हणालास, "ते मी सांगायचो तवा मला ठाऊक नव्हतं लोक काय काय करतात." मी म्हणालो, "आडवी दांडी होती." तू म्हणालास, "आपल्या पडद्याला पण होती. आपण काय काश्मीरला होतो?" तुझेच मुद्दे मी तुला देत होतो आणि माझेच मुद्दे तू मला परत करत होतास.

नंतर वहिनींनी सांगितलं ते कुठून सुरू झालं. तुझ्या पुतण्यानं गेलेल्या आजोबांचा, म्हणजे तुझ्या बापाचा, जुना फोटो फोनमध्ये हलता करून पाठवला होता. बापानं मान वळवली, डोळे मिचकावले, हसला. पुतण्याला वाटलं काका खूश होईल. तू दोनदा बघितलंस आणि फोन पालथा ठेवलास. "असा हसत नव्हता तो," म्हणालास. वहिनी म्हणाल्या, "तवापासनं हे असं चाललंय, भाऊजी."

मी वेड्यासारखा वाचत सुटलो. या वयात लायब्ररीत जाऊन बसलो. तुला येऊन सांगितलं की तिथं आरसे ठेवलेत, आजही इथून उजेडाचा झोत सोडला की परत येतो, तो किती वेळात येतो ते मोजतात. तू म्हणालास, "तू मोजलास?" तिथले दगड आणलेत, जगभरच्या लोकांनी तपासलेत. "तू हात लावलास?" आपल्या देशाच्या यानानं वरून ते उतरले त्या जागेचा फोटो काढलाय, त्यांच्या यानाचा पाय रोवून उभा असलेला सांगाडा दिसतो. तू माझ्याकडे इतक्या दयेनं बघितलंस. "तो पण फोटोच ना, सुध्या."

तुझ्या तोंडून हे ऐकायचं होतं ना मला? चाळीस वर्षं हेच ऐकायचं होतं. ऐकलं.

मग ते चंद्रापुरतं राहिलं नाही. तू लग्नाचा आल्बम मागवलास आणि वहिनींना विचारलंस, "हे आपण हाय का?" त्या म्हणाल्या, "नाय तर काय शेजारी हायत?" तू म्हणालास, "पडदा कोनता होता मागं?" आल्बम मिटून त्या स्वयंपाकघरात गेल्या, मी पाठोपाठ गेलो. ओट्याला टेकून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमी ते चंद्राचं काय बोलू नका आता. चंद्र गेला उडत. यांना घरातली मानसं तरी खरी वाटूदेत." त्यांना कसं सांगू, की ती वाटसुद्धा चंद्रावरूनच जाते?

शेवटची दुपार. वहिनी तुला पेज भरवत होत्या. तू चमचा बाजूला सारलास आणि म्हणालास, "आयचा फोटो दे खाली." मी खुर्चीवर चढून काढून दिला. तू तो छातीवर उभा धरलास, एका हातानं पेलवेना म्हणून मी खालून आधार दिला. बराच वेळ बघितलंस.

"हा तरी खरा हाय ना?"

वहिनी हातात वाटी घेऊन थांबल्या. त्या क्षणी दोन रस्ते होते, हिरा, आणि मी दोन्ही बघितले. खरं सांगितलं असतं तर आईचा फोटो हातचा गेला असता, पण माझ्या शब्दाला किंमत आली असती. मग म्हणता आलं असतं, हा मी बनवला, माझी चूक, पण तो चंद्राचा बनवलेला नाही. खोटा कसा असतो ते मला माहीत आहे म्हणून सांगतो, तो खरा आहे. तू ऐकलं असतंस. तुझ्या भरवशासाठी एवढं देणं भाग होतं.

मी म्हणालो, "खरा आहे."

"आनि चंद्राचा?"

"तोही खरा आहे."

तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. चाळीस वर्षं माणसांची तोंडं भिंगातनं बघितलेला माणूस तू. म्हणालास, "दोन्हीला एकाच सुरात बोललास." मग फोटो माझ्याकडे दिलास आणि भिंतीकडे वळलास. वहिनी म्हणाल्या, "पेज गार होतेय." तू खाल्ली नाहीस.

त्यानंतर मी दोनदा आलो. पहिल्यांदा तू झोपला होतास. दुसऱ्यांदाही वहिनी म्हणाल्या झोपलेत, पण मला वाटतं तू जागा होतास. तिसऱ्या वेळी मला बोलवणं आलं ते तुला शेवटचं खाली न्यायला.

बाराव्यासाठी तुझा फोटो हवा होता. वहिनी म्हणाल्या, "झटक्यानंतरचा नको, तोंड वाकडं दिसतंय. जुना बगा एकादा, आनि जरा नीट करून द्या." नीट करून द्या. मी हो म्हणालो, घरी येऊन पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. निगेटिव्ह एकेक करून खिडकीपुढं धरत गेलो आणि तुझी पंचविशीतली सापडली. आपण स्टुडिओसाठी पांढऱ्या छत्रीचा नवीन दिवा आणला होता, तो कसा पडतो बघायला मी तुला खुर्चीत बसवून काढलेली. तू रोखून बघतोयस, ओठ मिटलेले, मला लवकर आटप म्हणतोयस. ती बघितली आणि मी झटकन पेटीत परत टाकली.

कारण तिचीच एक प्रत मी तेव्हा ब्लेडनं कापली होती.

आईचा उजवा डोळा तुझा आहे, हिरा. काढून जमेना म्हणून तुझा घेतला. मापाचा प्रिंट केला, कापला, चिकटवला, कडा ब्रशनं बुजवल्या आणि सगळ्याचा पुन्हा फोटो घेतला. तो असा बसला की मीच चकित झालो. लोक म्हणायचे आयवर गेलाय. आय तुझ्यावर गेली होती.

आणि एक कच्ची चूक राहिली. तिच्या डाव्या डोळ्यात अंगणातल्या उन्हाचा ठिपका आहे आणि उजव्यात आपल्या स्टुडिओतल्या छत्रीच्या उजेडाचा गोल. दोन डोळ्यांत दोन उजेड. तो गोल बुजवायचा राहून गेला. कुठल्याही शिकाऊ पोरानं पकडली असती ही चूक. चंद्रावरची सावली न् सावली तपासलीस तू, आणि आईच्या डोळ्यांत रोज बघून तुला हे दिसलं नाही? की दिसलं होतं? त्या दुपारी फोटो छातीवर धरलास तेव्हा तू नेमकं काय बघत होतास? हे मला आता कोणी सांगणार नाही. सकाळी उठलो की हाच प्रश्न आधी उठून बसलेला असतो.

तुझा तो फोटो मी काहीही न करता छापून दिला. पेन्सिल लावली नाही. गालावरचा खड्डा तसाच आहे. वहिनींनी तो आईच्या फोटोशेजारी लावला, दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मायलेकांचे डोळे बगा, एकच हायत." मला तेव्हाही बोलता आलं नाही. बारा माणसं होती, गुरुजी होते, म्हणून नाही. चाळीस वर्षांची सवय म्हणून.

तुझे उपकार किती होते ते इथं लिहायचं होतं. मला कोणी उभं करत नव्हतं तेव्हा तू टेबल दिलंस, आपल्या घरची मासळी माझ्या शाकाहारी डब्याशेजारी लाजत लाजत खाल्लीस, माझ्या असल्या वाद घालण्याला मैत्री समजलास. ती मैत्रीच होती. पण ज्या माणसानं मला सगळं दिलं त्याच्याकडून मी जाता जाता त्याचे दोन्ही फोटो काढून घेतले. एक खरा होता, एक नव्हता, आणि कोणता कोणता ते न कळता तू गेलास.

आता शेवटचं. हे त्या दुपारी सांगितलं असतं तर माझा सूर आपोआप वेगळा लागला असता, तुला फरक कळला असता, आणि मग चंद्राचंही ऐकलं असतंस. लग्नाची ती निगेटिव्ह मी मोठी केली तेव्हाच मला दिसलं होतं. तुझ्या हरभऱ्याएवढ्या प्रतीत ते दिसणं शक्य नव्हतं, आणि मी माझ्या कारागिरीच्या नादात त्याला किंमत दिली नाही. तुझी आई शेजारणीच्या खांद्याआड लपली होती हे खरं. पण तो डावा डोळा खाली नाही, बाजूला नाही. तो सरळ कॅमेऱ्यात आहे. लपता लपता तिनं बघितलं, हसू दाबत बघितलं, डोळ्याच्या कडेला त्या हसण्याच्या दोन बारीक सुरकुत्या आहेत. त्या सुरकुत्या मी बुजवल्या नाहीत, त्या डोळ्याला मी पेन्सिलीचं टोकसुद्धा लावलेलं नाही. तुला जे हवं होतं ते त्या अर्ध्या चेहऱ्यात आधीपासून होतं. दुसरी निगेटिव्ह नव्हतीच, लागतही नव्हती. आय बघत होती, हिरा.